आमच्या मंडळाचं पान का नाही?

गल्लीतल्या तरुण मंडळाचं आयुष्य कागदावर फार थोडं उतरतं. वर्गणीची पावतीपुस्तकं, मांडवाच्या परवानगीचे अर्ज, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली नोंदणी, रौप्यमहोत्सवाला काढलेली स्मरणिका आणि रक्तदान शिबिराच्या दुसऱ्या दिवशी जिल्हा पुरवणीत आलेल्या चार ओळी. बाकी सगळं माणसांच्या आठवणीत. म्हणून मंडळातला एखादा हुशार पोरगा मोबाइलवर मराठी विकिपीडिया उघडून मंडळाच्या नावाचं पान तयार करतो, तेव्हा त्याचा हेतू समजण्यासारखा असतो. आधीच्या पिढीनं खस्ता खाऊन उभं केलेलं काम जगाला दिसावं, एवढंच त्याला वाटत असतं. मग त्या पानावर ‘पानकाढा’ हा साचा, म्हणजे पान वगळण्याची सूचना, लागतो आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भडका उडतो : ‘दोन सिनेमांत दिसलेल्या नटाचं पान चालतं, आमचं नाही?’

प्रश्न रागाचा असला तरी रास्त आहे. पूर आला की पहिल्यांदा धावणारं मंडळ आणि कधीतरी पडद्यावर चमकलेला नट, यांत समाजाच्या उपयोगाचं कोण, हे सांगायला कोशाची गरज नाही. पण कोशात पान मिळणं हे समाजोपयोगाचं प्रशस्तिपत्र नसतं. ते कशावरून मिळतं, हे नीट पाहिलं तर त्या पोराच्या बाजूनंही बरंच बोलता येतं आणि ‘पानकाढा’ लावणाऱ्याच्या बाजूनंही.

जागा संपली तेव्हा आणि जागा उरली तेव्हा

छापील कोशांच्या काळात हा वाद सोपा होता, कारण जागाच मर्यादित होती. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ १९२० ते १९२९ या काळात २३ खंडांत पुरा केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. अशा कामात काय घ्यायचं आणि काय गाळायचं, हे संपादक मंडळ ठरवी. एखाद्या तालमीची नोंद आली नाही म्हणून कुणी वाईला मोर्चा नेला नाही. पानं मोजकी, छपाईचा खर्च मोठा आणि निर्णय जाणत्यांचा, हे सगळ्यांना मान्य होतं.

१५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला आणि दोन्ही अडचणी एकदम गेल्या. कागद संपण्याचा प्रश्न उरला नाही आणि लिहिण्यासाठी कुणाची परवानगीही लागेना. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. जागा अमर्याद असेल तर प्रत्येक गावच्या प्रत्येक मंडळाला पान का देऊ नये, हा प्रश्न तिथूनच आला. विकिपीडियाच्या संपादकांमध्ये याच मुद्द्यावर दोन तट पडले. जे खरं आहे आणि निरुपद्रवी आहे ते राहू द्यावं, असं एका बाजूचं म्हणणं. कोशात सगळंच घेतलं तर त्याचा कोशपणा जातो, असं दुसऱ्या बाजूचं. हे तट इतके पक्के झाले, की दोन्ही बाजूंच्या समर्थकांनी स्वतःच्या नावांसह संघही काढले!

या वादात एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली. जागा अमर्याद असली तरी राखण करणारे हात मर्यादित असतात. पान एकदा तयार झालं की कुणीतरी त्यावर लक्ष ठेवावं लागतं. कुणी खोडसाळपणे अध्यक्षांच्या नावापुढे शिवी लिहितं, कुणी देणगीचा खातेक्रमांक घालतं, कुणी प्रतिस्पर्धी मंडळाची कुचेष्टा करतं. मराठी विकिपीडियावर नोंदणी करणारे बरेच असले तरी सातत्यानं काम करणारे मोजकेच आहेत. त्यांनी प्रत्येक वाक्य तपासायचं तर तपासायला काहीतरी हवं. तिथून आली ती उल्लेखनीयतेची कसोटी.

वराकडच्यांची साक्ष चालत नाही

कसोटी थोडक्यात अशी. त्या विषयावर इतरांनी सविस्तर लिहिलेलं असावं. ज्यांनी लिहिलं ते विश्वासार्ह असावेत. आणि त्यांचा त्या विषयाशी हितसंबंध नसावा. सविस्तर, विश्वासार्ह, स्वतंत्र या तिन्ही अटी एकदम लागू होतात. मंडळांची गाडी बहुतेक वेळा तिसऱ्या अटीवर अडते.

स्मरणिकेचं उदाहरण घेऊ. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका दोनशे पानांची असते. तिच्यात स्थापनेची हकिगत, माजी अध्यक्षांचे फोटो, आमदारांचा शुभेच्छा संदेश आणि मधेमधे सराफ-किराणावाल्यांच्या जाहिराती असतात. माहितीच्या दृष्टीनं ती सोन्यासारखी. मात्र ती मंडळानंच काढलेली असते. वराकडच्यांनी वराचा स्वभाव सांगावा, तशी ही साक्ष. स्थापनेचं वर्ष किंवा पहिल्या कार्यकारिणीची नावं यासाठी ती वापरता येते, मंडळ उल्लेखनीय आहे हे ठरवण्यासाठी वापरता येत नाही.

नोंदणी क्रमांकाचंही तेच. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी झाली, याचा अर्थ संस्था कायदेशीर आहे. तिच्याबद्दल कुणी अभ्यासानं लिहिलं आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. वर्तमानपत्रातल्या बातमीबाबत तर डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. ‘मान्यवरांच्या हस्ते वह्यावाटप’ ही बातमी बहुधा मंडळानं पाठवलेल्या प्रसिद्धिपत्रकाचीच प्रत असते. वर्धापनदिनाच्या पुरवणीतला लेख जाहिरातीच्या सोबतीनं आलेला असू शकतो. इंग्रजी विकिपीडिया संस्थांच्या बाबतीत आणखी एक पायरी चढायला लावतो : केवळ स्थानिक माध्यमांनी घेतलेली दखल पुरत नाही, निदान एक तरी स्रोत प्रादेशिक किंवा त्याहून मोठ्या आवाक्याचा लागतो.

ही कडक अट तिथल्या संपादकांनी अनुभवातून घातली आहे. संस्थेचं पान ही प्रसिद्धीची फुकट जागा असते आणि ती हवी असणारे पुष्कळ. आपल्याकडे चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा झळकतात, त्याच उत्साहानं पानावर ‘युवकांचे आशास्थान’ अवतरतात. निवडणूक जवळ आली की मंडळाच्या पानातला मंडळाचा भाग आटतो आणि संस्थापक-अध्यक्षांचा वाढतो. स्वतःच्या संस्थेबद्दल स्वतः लिहू नये, लिहायचंच असेल तर चर्चा पानावर आपला संबंध उघड सांगून सुचवावं, हा विकिपीडियाचा संकेत त्यासाठीच आहे.

स्काउट पथकांचा तोडगा

जगभर पसरलेल्या तरुणांच्या संघटनांमध्ये हा प्रश्न ठळकपणे दिसतो तो स्काउट चळवळीच्या बाबतीत. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं आणि पुढच्याच वर्षी गावोगावी पथकं उभी राहिली. आपल्याकडे ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही एकत्रित संघटना १९५० साली झाली. चळवळीला पान हवं, राष्ट्रीय संघटनेला हवं, यात दुमत नाही. पण शाळेशाळेत, चर्चचर्चमध्ये असलेल्या पथकांचं काय? प्रत्येक पथक तंबू ठोकतं, गाठी शिकवतं, गावची स्वच्छता करतं. नावं आणि क्रमांक बदलले तर एकाचं पान दुसऱ्याला चिकटवता येईल.

इंग्रजी विकिपीडियावर या विषयात रस असलेल्या संपादकांनीच यावर व्यवहारी उत्तर काढलं. एकेका पथकाला सहसा स्वतंत्र पान द्यायचं नाही. त्याऐवजी एखाद्या राज्यातली किंवा परगण्यातली स्काउट चळवळ असा एकच मोठा लेख करायचा आणि तपासता येईल एवढी स्थानिक माहिती त्यात बसवायची. संघटना उल्लेखनीय असली म्हणून तिची प्रत्येक शाखा आपोआप उल्लेखनीय होत नाही, हे तत्त्व त्यामागं आहे. अपवादाला मात्र दार उघडं असतं. ग्लासगोच्या पहिल्या पथकाकडे जानेवारी १९०८ची नोंदणी आहे आणि जगातलं सर्वांत जुनं नोंदलेलं पथक हा त्याचा मान मानला जातो. असं पथक इतरांसारखं उरत नाही. चळवळीचा इतिहास लिहिताना त्याला ओलांडून जाता येत नाही.

हाच नियम आपल्या मातीत लावून पाहू. राष्ट्र सेवा दलाची स्थापना १९४१ साली पुण्यात झाली. एस. एम. जोशी तिचे पहिले दलप्रमुख, साने गुरुजी तिचं प्रेरणास्थान. पुढं तिच्या कलापथकातून वसंत बापट, निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर यांच्यासारखी मंडळी आली. सेवा दलाचं पान हवंच. कलापथकावर स्वतंत्र लेख होऊ शकतो, कारण त्याच्याबद्दल नाट्यसमीक्षकांनी, आत्मचरित्रकारांनी, पत्रकारांनी भरपूर लिहून ठेवलं आहे. एखाद्या तालुक्यातली संध्याकाळची शाखा मात्र मूळ लेखात किंवा त्या गावाच्या लेखात एका परिच्छेदात शोभते. हा अपमान नाही. मराठी विकिपीडियावरचे कितीतरी गावांचे लेख चार ओळींचे आहेत, लोकसंख्या आणि अक्षांश-रेखांश यापलीकडे त्यांत काही नाही. तिथं गावच्या मंडळाचा संदर्भासह एक परिच्छेद आला तर दोघांचंही भलं होईल.

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उलट बाजूचं उदाहरण. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेला हा आखाडा. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या चमूनं तिथं कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. पुढं शारीरिक शिक्षणाची मोठी संस्था म्हणून ते वाढलं. भारतीय खेळांचा इतिहास लिहिणाऱ्याला अमरावतीला जावंच लागतं. मुंबईत लालबागच्या बाजारपेठेतल्या कोळी बांधवांनी आणि व्यापाऱ्यांनी १९३४ साली बसवलेल्या गणपतीचं तसंच. सुरुवातीला ते एका पेठेचं मंडळ होतं. आज त्याच्याबद्दल देशभरची वर्तमानपत्रं लिहितात, कौतुकही करतात आणि गर्दीच्या नियोजनावरून कानही उपटतात. ‘लालबागचा राजा’ हे पान त्या लिखाणावर उभं आहे.

पोलिसांनी सांभाळलेला इतिहास

कसोटी पटली तरी तिच्यात एक खोच राहते. आज जे उल्लेखनीय वाटतं ते उद्या वाटेलच असं नाही आणि आज ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही ते उद्या इतिहास घडवू शकतं.

१९०० सालच्या आसपास नाशिकमध्ये काही पोरांनी ‘मित्रमेळा’ काढला. गणपतीत, शिवजयंतीत पदं म्हणायची, आठवड्याच्या बैठकीत भाषणं करायची, मॅझिनीचं चरित्र वाचायचं. त्यांच्यातले विनायक सावरकर तेव्हा शाळकरी होते. तेव्हा ऑनलाइन कोश असता आणि यांपैकी कुणी पान केलं असतं, तर ‘पानकाढा’ लागायला दुपारही उजाडली नसती, आणि ते योग्यच ठरलं असतं. १९०४ साली त्यातून ‘अभिनव भारत’ ही गुप्त क्रांतिकारी संघटना झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्याच वर्तुळातल्या अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला. खटले चालले, साक्षी झाल्या, निकालपत्रं लिहिली गेली. १९१८ साली न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीनं सादर केलेल्या अहवालातही मित्रमेळ्याची दखल आहे.

यात गंमत अशी, की मित्रमेळ्याबद्दलचा पहिला मोठा स्वतंत्र कागद त्याच्या वैऱ्यांनी तयार केला. सभासदांनी पुढं आठवणी लिहिल्या, चरित्रकारांनी चरित्रं लिहिली. पण इतिहासकाराला ताळा घेता येतो तो या आठवणी आणि सरकारी कागद समोरासमोर ठेवून. स्वतंत्र स्रोत म्हणजे कौतुक करणारा स्रोत नव्हे. ज्याला तुमचं भलं करायचं नाही, त्यालाही तुमच्याबद्दल लिहावं लागलं, ही उल्लेखनीयतेची सर्वांत पक्की खूण असते.

पुण्याच्या गणेशोत्सवात याच्या पुढचा पेच दिसतो. सार्वजनिक उत्सवाची सुरुवात भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ साली केली, असं त्यांच्या मंडळाचं म्हणणं. लोकमान्य टिळकांनी १८९३पासून त्याला सार्वजनिक रूप दिलं, ही रूढ मांडणी. गुरुजी तालमीच्या गणपतीची सुरुवात तर १८८७ची सांगितली जाते. २०१७ साली पुणे महापालिकेनं उत्सवाचं शतकोत्तर रौप्यमहोत्सवी वर्ष साजरं केलं, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. कोशाला इथं न्यायाधीश व्हायचं नसतं. कोण काय म्हणतं आणि कशाच्या आधारे म्हणतं, एवढंच मांडायचं असतं. पण त्यासाठीही प्रत्येक बाजूचे कागद लागतात. एखादं मंडळ स्वतःच्या पानावर फक्त स्वतःचा दावा लिहीत असेल, तर वाचकाला वाद असल्याचंसुद्धा कळणार नाही.

नऊ थर इकडे, नऊ थर तिकडे

आता त्या पोराच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद. मुंबई-ठाण्याची गोविंदा पथकं आणि स्पेनमधल्या कॅटालोनिया प्रांतातले मानवी मनोरे रचणारे संघ, यांची रचना जवळपास सारखी. वस्तीतली तरुण मुलं, महिनोन्‌महिने संध्याकाळचा सराव, खाली भक्कम गडी, वर हलकं पोर. जोगेश्वरीच्या ‘जय जवान’ पथकानं २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनेस विक्रम केला. कॅटालोनियातले संघही नऊ आणि दहा थर लावतात.

तिथल्या मनोऱ्यांना २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. तिथल्या शंभरेक संघांपैकी अनेकांची कॅटलान विकिपीडियावर स्वतंत्र पानं आहेत. आपल्या पथकांपैकी किती जणांची अशी पानं आहेत? हा फरक कर्तृत्वातला नाही. आपली पोरं त्यांच्यापेक्षा कमी उंच चढत नाहीत.

फरक लिहून ठेवण्यात आहे. कॅटालोनियात कोणत्या संघानं कोणत्या चौकात कोणता मनोरा रचला, तो नीट उतरवला की कोसळला, याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली जाते. उतरवलेला मनोरा आणि रचून कोसळलेला मनोरा यांची वेगळी गणती होते. तारागोना शहरात १९३२पासून स्पर्धेची परंपरा आहे. १९८९पासून संघांची समन्वय संस्था आहे. वर्तमानपत्रात मनोऱ्यांवर लिहिणारे जाणकार आहेत, अभ्यासकांची पुस्तकं आहेत. सुमारे एक कोटी माणसांच्या कॅटलान भाषेच्या विकिपीडियात सात लाखांहून अधिक लेख आहेत. २०११च्या जनगणनेनुसार ८ कोटींहून अधिक मातृभाषकांच्या मराठीचा आकडा लाखाच्या घरात.

आपल्याकडे दहीहंडीची बातमी येते ती बक्षिसाच्या रकमेची, आयोजक नेत्याची, आलेल्या अभिनेत्रीची आणि जखमी गोविंदांच्या संख्येची. २०१४ साली उच्च न्यायालयानं उंचीवर मर्यादा घातली, २०२२ साली राज्य सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, या निमित्तानं रकानेच्या रकाने भरले. पण पथक कधी निघालं, कोणत्या गिरणीच्या चाळीतून निघालं, थर लावण्याची त्याची पद्धत कुठली, प्रशिक्षक कोण, मुलींची पथकं कशी उभी राहिली, हे क्वचितच कुणी लिहितं. कोश म्हणतो ‘संदर्भ हवा’. संदर्भ नाही, कारण लिहायला हवं होतं त्यांनी लिहिलं नाही. त्याची शिक्षा मात्र पथकाला.

हा अन्याय सगळ्यांवर सारखाही पडत नाही. ज्यांच्या घरी छापखाना, वर्तमानपत्र, प्राध्यापकी होती, त्यांच्या संस्थांचे कागद आपोआप तयार झाले. वाड्यातल्या व्याख्यानमालेचा इतिहास मिळतो, झोपडपट्टीतल्या अभ्यासिकेचा मिळत नाही. १९७२ साली मुंबईत तरुण लेखक-कार्यकर्त्यांनी ‘दलित पँथर’ काढली. त्याच वर्षीच्या ‘साधना’च्या स्वातंत्र्यदिन अंकात पँथरच्या राजा ढाले यांचा लेख आला आणि महाराष्ट्र ढवळून निघाला, म्हणून पँथर सगळ्या कागदांत आली. तिच्या आगेमागे वस्त्यावस्त्यांत उभ्या राहिलेल्या किती युवक मंडळांचं नावही आता सापडणार नाही! महिला मंडळांचं, आदिवासी पाड्यांवरच्या गटांचं तेच. उल्लेखनीयतेची कसोटी भेदभाव करत नाही, पण आधीच झालेला भेदभाव ती जसाच्या तसा पुढं नेते.

मग करायचं काय?

कसोटी सैल करा, हे उत्तर मोहक आहे आणि फसवं आहे. सैल कसोटीचा फायदा वस्तीतल्या अभ्यासिकेला होणार नाही. ज्याच्याकडे फ्लेक्सला पैसे आहेत त्याच्याकडे पान लिहून घ्यायलाही पैसे असतात. पंधरा दिवसांत कोशात ‘आशास्थानां’ची रांग लागेल आणि मित्रमेळ्यासारख्या खऱ्या नोंदीवरचाही वाचकाचा विश्वास उडेल.

बदलायला हवी ती कोशाच्या आधीची पायरी. स्मरणिका काढताना मंडळानं निदान एक दीर्घ लेख बाहेरच्या माणसाकडून, जिल्ह्यातल्या इतिहास-अभ्यासकाकडून किंवा पत्रकाराकडून लिहून घ्यावा आणि त्यात हात घालू नये. मंडळानं मागितलेला लेख म्हणून तो पुरता स्वतंत्र ठरणार नाही, पण पुढच्या संशोधकाला तो पहिला धागा देईल. जुन्या सभांचे इतिवृत्त, हिशेबवह्या, छायाचित्रं गावच्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात ठेवावीत. एम.ए.च्या विद्यार्थ्याला प्रबंधाला विषय हवाच असतो. तालुक्याच्या पत्रकारानं वह्यावाटपाची दहा प्रसिद्धिपत्रकं छापण्याऐवजी वर्षातून एका मंडळावर चौकशी करून लिहिलं, तरी दहा वर्षांत तालुक्याचा इतिहास उभा राहील.

तोवर कोशाच्या परिवारातच दुसरी दारं उघडी आहेत. मंडळाच्या जुन्या मिरवणुकांची स्वतः काढलेली छायाचित्रं विकिमीडिया कॉमन्सवर चढवता येतात, तिथं उल्लेखनीयतेची अट नाही, छायाचित्राचा शैक्षणिक उपयोग आणि परवाना पाहिला जातो. गावाच्या, उत्सवाच्या, मूळ संघटनेच्या लेखात संदर्भासह भर घालता येते. एखादं पान वगळायच्या चर्चेला आलं तर ‘विलीन करा’ हाही कौल देता येतो आणि इंग्रजीवर अशी चर्चा साधारण सात दिवस चालते, म्हणजे संदर्भ शोधायला वेळ मिळतो. तिथं हातांची मोजदाद होत नाही, मुद्दे पाहिले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवरून पन्नास कार्यकर्ते आणून ‘पान राहू द्या’ असं लिहवून घेतल्यानं उलट संशयच वाढतो.

आणि पानाचा हट्ट धरण्याआधी मंडळानं एका गोष्टीचा विचार करावा. कोशातलं पान मंडळाच्या मालकीचं नसतं. वर्गणीवरून झालेली तक्रार, ध्वनिमर्यादा मोडल्याचा गुन्हा, दोन गटांत झालेली फाटाफूट, हे सगळं वर्तमानपत्रात आलं असेल तर उद्या कुणीही ते पानावर लिहील आणि अध्यक्षांना ते खोडता येणार नाही. त्यांचा फोन घेणारा कुणी साहेब तिथं बसलेला नाही. आपल्याबद्दल दुसऱ्यानं लिहावं आणि ते आपल्याला बदलता येऊ नये, ही अट ज्या मंडळाला मंजूर आहे त्यानं खुशाल पानाची वाट पाहावी. ज्याला मंजूर नाही त्याच्यासाठी स्मरणिका आहे, आणि चांगली काढली तर तीही पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी संदर्भयादीत सापडेल.